पेटीतला माणूस आणि पाकिटातली पत्रं: १८९६ च्या एका नाटकाची गोष्ट

लोकलमध्ये लटकत ऐकताय, की जिममध्ये, की रात्री अंधारात उशीवर फोन ठेवून? कुठेही असा, स्वागत आहे.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बया कोड लिहिता लिहिता एकदम व्हिक्टोरियन लंडनच्या नाटकात कुठे शिरली? सांगते. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला आमची एक सर्व्हिस बंद पडली. मी ऑन-कॉल होते. लॉग उघडले. शेवटचा बदल कुणी केला, किती वाजता केला, कुठल्या फाइलमध्ये केला, सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. नाव होतं आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलाचं. मी सगळ्यांच्या ग्रुपवर त्याच्या नावासकट टाकलं की हे याच्यामुळे झालंय. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की तो त्या वेळी झोपला होता. त्याच्या नावाचं अकाउंट एका जुन्या ऑटोमॅटिक स्क्रिप्टमध्ये कुणीतरी तसंच ठेवून दिलं होतं. लॉगमधली एकही ओळ खोटी नव्हती. मी काढलेला अर्थ मात्र पूर्ण खोटा होता. त्याच ग्रुपवर माफी मागितली मी. पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते 'इट्स ओके' अजून आठवतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला शेक्सपिअरचं 'सिंबेलीन' वाचायला मिळालं, आणि त्यात मला माझा लॉग सापडला. मग या नाटकाच्या १८९६ च्या लंडनमधल्या प्रयोगाभोवतीची पत्रं वाचली, आणि तिथे तोच लॉग आणखी मोठा होऊन भेटला. तर आज ही दुहेरी गोष्ट.

मालक, नट, दिग्दर्शक: सगळं एकच

लंडनला लायसियम नावाचं थिएटर आहे. १८७८ साली ते हेन्री अर्व्हिंग नावाच्या नटाने चालवायला घेतलं. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा माणसाला अ‍ॅक्टर-मॅनेजर म्हणायचे. म्हणजे काय, तर थिएटर तोच चालवणार, नाटक तोच निवडणार, संहितेत काय ठेवायचं आणि काय कापायचं ते तोच ठरवणार, तालमी तोच घेणार आणि मुख्य भूमिकाही तोच करणार. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी म्हटलं की बालगंधर्व आठवतात ना, साधारण तसं. कंपनी म्हणजेच तो माणूस.

अर्व्हिंग साधासुधा नट नव्हता. १८९५ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली, आणि हा मान मिळवणारा तो पहिला नट. त्याआधी इंग्लंडातही नटांकडे नाकं मुरडूनच बघायचे. त्याच्या नाटकांचे सेट मोठमोठे चित्रकार करायचे. विजेचे दिवे आले तरी त्याने रंगमंचावर गॅसचा उजेड सोडला नाही, कारण त्याला त्या उजेडाचा मऊपणा हवा होता.

त्याच्यासोबत मुख्य स्त्री भूमिका करायची एलेन टेरी. इंग्लंडची लाडकी अभिनेत्री. लहानपणापासून रंगमंचावर वावरलेली, आणि लायसियममध्ये पहिल्यापासून त्याची जोडीदार.

आणि या थिएटरचा बिझनेस मॅनेजर कोण होता माहितीये? ब्रॅम स्टोकर. हो, तोच, 'ड्रॅक्युला'वाला! दिवसभर अर्व्हिंगच्या नावाने येणाऱ्या पत्रांचा ढीग उपसायचा, उत्तरं लिहायची, तिकिटं, दौरे, हिशोब सांभाळायचे, आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायची. 'ड्रॅक्युला' आलं १८९७ मध्ये, म्हणजे आपली आजची गोष्ट घडली त्याच्या पुढच्याच वर्षी. आणि गंमत बघा, ती अख्खी कादंबरी पत्रं, डायऱ्या, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांतूनच उलगडते. आयुष्य पत्रव्यवहारात गेलेला माणूस दुसरं काय लिहिणार!

पेटीतला माणूस

आता नाटक. 'सिंबेलीन' शेक्सपिअरच्या शेवटच्या काळातलं. 'हॅम्लेट'सारखं प्रसिद्ध नाही आणि थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून मी फक्त कामापुरतं सांगते.

इमोजेन ही ब्रिटनच्या राजाची मुलगी. तिने बापाच्या मनाविरुद्ध पॉस्थ्युमस नावाच्या तरुणाशी लग्न केलंय. राजा त्याला हद्दपार करतो. तो रोमला जातो आणि तिथे मित्रांमध्ये बसून बायकोच्या निष्ठेची फुशारकी मारतो. याकिमो नावाचा एक इटालियन म्हणतो, लाव पैज, मी तिला वश करून दाखवतो. आणि हा शहाणा नवरा चक्क पैज लावतो!

याकिमो ब्रिटनला येतो. इमोजेन त्याला उभंही करत नाही. मग तो एक मोठी पेटी तिच्याकडे ठेवायला देतो, आत किमती सामान आहे, रात्रभर सांभाळा म्हणून. आत तो स्वतःच असतो. रात्री ती झोपल्यावर पेटीतून बाहेर येतो. तिला हात लावत नाही. मग करतो काय? नोंदी घेतो! खोलीत कुठली चित्रं आहेत, पडदे कसे आहेत, तिच्या अंगावर तीळ कुठे आहे. तिच्या मनगटातलं कडं काढून घेतो आणि परत पेटीत जाऊन बसतो.

रोमला गेल्यावर तो पॉस्थ्युमससमोर हे सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगतो. खोली बरोबर, तीळ बरोबर, कडं तर हातातच आहे. प्रत्येक तपशील खरा, आणि निष्कर्ष शंभर टक्के खोटा.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. रात्री साडेअकराला मी हेच केलं होतं ना?

पुढे पॉस्थ्युमस दोन पत्रं पाठवतो. एक बायकोला, की मी मिलफर्ड हेवन बंदरावर आलोय, भेटायला ये. प्रेमाने ओथंबलेलं. दुसरं नोकराला, पिसानिओला, की वाटेत तिला मारून टाक. एकाच हाताची दोन पत्रं. ती पहिलं वाचून नाचत निघते, आणि मग नोकर तिच्या हातात दुसरं ठेवतो. नोकर तिला मारत नाही. ती मुलाचा वेष घेऊन रानात भटकते, औषध समजून एक गुंगीचं द्रव्य घेते, लोक तिला मेलेली समजून फुलं वाहतात. जाग येते तेव्हा शेजारी एक मुंडकं नसलेलं प्रेत आहे आणि त्याच्या अंगावर तिच्या नवऱ्याचे कपडे आहेत. प्रेत खरं तर दुसऱ्याचं, क्लोटन नावाच्या तिच्या सावत्र भावाचं. पण ती कपडे बघते आणि मानते की नवराच मेला. म्हणजे नाटकभर हेच चाललंय. पुरावा खरा, अर्थ चुकीचा.

थांबा, एक मराठी धागा इथेच सांगून टाकते. अर्व्हिंगने हे नाटक करण्याच्या तब्बल १७ वर्षं आधी, १८७९ मध्ये, विष्णु मोरेश्वर महाजनींनी हेच नाटक मराठीत आणलं होतं, 'तारा' या नावाने. इमोजेनची झाली तारा. बडोद्यात त्याचा प्रयोग झाला, आणि तो बघून हॅरल्ड लिटलडेल नावाच्या शिक्षकाने १८८० मध्ये लंडनच्या 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये लेख लिहिला. बायकांच्या भूमिका अर्थातच पुरुषांनी केलेल्या. आज त्या प्रयोगाबद्दल सविस्तर वाचायचं तर हा लेख हाताशी येतो, म्हणजे बघणाऱ्याची बाजू. करणाऱ्यांची नाही. हे डोक्यात ठेवा, परत लागणार आहे.

पाकिटातला शॉ

आता चला १८९६ च्या लंडनमध्ये. लायसियमला 'सिंबेलीन'च्या तालमी सुरू आहेत. २२ सप्टेंबरला पहिला प्रयोग. अर्व्हिंग याकिमो करतोय, पेटीतला माणूस. सेटची चित्रं लॉरेन्स आल्मा-टाडेमाने काढलीत. आणि कोवळ्या इमोजेनचं काम करतेय एलेन टेरी, वय ४९. ती घाबरलेली आहे. संवाद पाठ होत नाहीत. लोक काय म्हणतील, ही काळजी आहे.

आणि या सगळ्यात तिला एक माणूस पत्रामागून पत्र पाठवतोय. बर्नार्ड शॉ.

शॉ तेव्हा ४० वर्षांचा. आज आपण त्याला नोबेलवाला नाटककार म्हणून ओळखतो, 'पिग्मेलियन'वाला, ज्याच्यावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं तो. पण १८९६ मध्ये तो मुख्यतः पत्रकार होता. 'सॅटर्डे रिव्ह्यू' साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक. त्याची आणि टेरीची पत्रं सुरू झाली १८९२ मध्ये, आणि तीही अगदी कामाच्या निमित्ताने. तिने ओळखीतल्या एका तरुण गायिकेबद्दल एका संपादकाला पत्र लिहिलं, संपादकाने ते आपल्या संगीतसमीक्षकाकडे, म्हणजे शॉकडे ढकललं. शॉने उत्तर दिलं, आणि मग ते थांबलंच नाही.

आणि लक्षात घ्या, हे दोघं भेटत नव्हते! एकाच शहरात राहायचे. तो तिची नाटकं बघायला जायचा. पण प्रत्यक्ष बोलणं टाळायचे, दोघंही, ठरवून. लंडनमध्ये तेव्हा टपाल दिवसातून अनेक वेळा वाटलं जायचं. सकाळी टाकलेल्या पत्राचं उत्तर संध्याकाळी हातात. एका पेनीचं तिकीट लावा आणि चॅटिंग करा. आज आपण ज्याला ऑनलाइन मैत्री म्हणतो ना, ती यांनी कागदावर केली.

तर 'सिंबेलीन'च्या वेळी शॉने काय केलं? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला लांबच्या लांब पत्र लिहिलं, की इमोजेन कशी करायची. संहितेवर खुणा करून पाठवल्या, कुठे कापायचं, कुठे अजिबात कापायचं नाही. त्याचं मुख्य म्हणणं असं होतं की या नाटकात एक नाही, दोन इमोजेन आहेत. एक खरीखुरी बाई, जी शेक्सपिअरच्या हातून जवळजवळ नकळत उतरलीय. आणि दुसरी म्हणजे बाईने कसं असावं याबद्दलच्या त्याच्या कल्पनांमधून बनलेली सद्गुणांची पुतळी. पहिलीला धर, दुसरीला जमेल तेवढी कापून टाक.

किती मस्त सल्ला आहे हा! मी मराठी मालिका बघताना आजही हेच वाटतं. नायिकेत एक खरी बाई असते आणि एक लेखकाची पुतळी.

प्रेताशेजारी जागं होण्याच्या प्रसंगाबद्दल तर तो क्षणाक्षणाने बोलला. झोप अजून उतरलेली नाही, मग फुलं दिसतात, मग माणूस, मग पुढचं. प्रत्येक शोध वेगळा, सगळं एकदम कळू द्यायचं नाही. आणखी एका पत्रात त्याने सांगितलं की शेक्सपिअर करताना अभिनय ओळींमध्येच व्हायला हवा, दोन ओळींच्या मधे थांबून नाही. तेवढा वेळच नसतो.

कोड रिव्ह्यू करणाऱ्यांनो, बघा. 'हे जरा बरं कर' असली कमेंट नाही. ओळ क्रमांक देऊन कमेंट!

आणि टेरी? ती काय शाळेतली मुलगी नव्हती. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई. ती आभार मानायची, चिडवायची, स्वतःची भीती मोकळेपणाने सांगायची, आणि जे पटेल ते घ्यायची. केंटमधल्या स्मॉलहाइद गावात तिचं घर आज संग्रहालय आहे. तिथे तिच्या स्वतःच्या हाताने खुणा केलेल्या संहिता आहेत. अभ्यास ती स्वतःच करायची, शॉ असो वा नसो.

तीन टोप्या

आता यातली मेख सांगते. शॉच्या डोक्यावर एकाच वेळी तीन टोप्या होत्या.

एक, तो टेरीचा मित्र आणि खाजगी सल्लागार. दोन, तो त्याच नाटकाचा जाहीर समीक्षक, म्हणजे ज्या भूमिकेच्या तालमीत त्याने पत्रांतून लुडबुड केली तिचंच परीक्षण छापणार होता. आणि तीन, तो उमेदवार होता! त्याने 'द मॅन ऑफ डेस्टिनी' नावाची एक नेपोलियनवरची एकांकिका लिहिली होती, टेरी डोळ्यासमोर ठेवून, आणि ती लायसियमने करावी म्हणून अर्व्हिंगशी बोलणी चालू होती. टेरी मध्यस्थ.

विचार करा. तुमचा मेंटॉर, तुमचं अप्रेझल करणारा आणि तुमच्या बॉसकडे नोकरी मागायला आलेला माणूस, तिघं एकच. आज एचआरने डोक्याला हात लावला असता.

शॉला हे कळत नव्हतं असं नाही. अर्व्हिंग आपलं नाटक घेऊन आपलं तोंड तर बंद करत नाही ना, ही शंका त्याला सतत होती, आणि ती त्याने पत्रांतून बोलूनही दाखवली. मग त्याने काय केलं? शनिवार, २६ सप्टेंबर १८९६. त्या दिवशी 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा अंक आला. त्यात 'सिंबेलीन'चं परीक्षण. शेक्सपिअरला धुतलं. अर्व्हिंगने संहितेची जी कापाकापी केली त्यासाठी त्याला अक्षरशः फासावर चढवायची भाषा केली. दोन राजपुत्रांची कामं करणारे नट साफ फसले असं लिहिलं, आणि त्यातला एक होता एडवर्ड गॉर्डन क्रेग, टेरीचा स्वतःचा मुलगा!

पण दोन गोष्टी मला प्रामाणिक वाटल्या. टेरीबद्दल त्याने सरळ कबूल केलं की ती समोर आली की मी इतका भारावतो की माझ्या मतावर माझाच भरवसा नाही. मी तिला पत्रं लिहितो, हे मात्र वाचकांना सांगितलं नाही. म्हणजे कबुली अर्धीच. आणि अर्व्हिंगचा याकिमो? त्याची त्याने मनापासून स्तुती केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड, जिवंत काम. ज्याची संहिता त्याला सहन होत नव्हती, त्याच्या अभिनयाला त्याने दाद दिली.

आणि त्याच दिवशी, हो, त्याच शनिवारी, शॉ आपल्या एकांकिकेबद्दल बोलायला लायसियममध्ये अर्व्हिंगसमोर जाऊन बसला! काय हिंमत! टेरीही तिकडे आली. ऑफिसच्या दारापर्यंत पोचली, आतून शॉचा आवाज ऐकला, आणि उलट्या पावली घरी पळाली. हे तिनेच त्याला नंतर पत्रातून कळवलं.

मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात खरा क्षण वाटतो. आत दोन मोठी माणसं तिच्यावरून, नाटकावरून, हक्कांवरून बोलतायत. एकासोबत तिचं पोट आणि अर्धं आयुष्य बांधलेलं. दुसऱ्यासोबत मन मोकळं केलेलं. आणि शॉला हवं होतं की तिने लायसियम सोडून नव्या धाटणीची नाटकं करावीत, अर्व्हिंग तिला वाया घालवतोय असं त्याला वाटायचं. दारातून आत जायचं म्हणजे बाजू निवडायची. ती परत फिरली. लोक म्हणतील घाबरली. मी म्हणेन, तिला माहीत होतं की दोघांनाही ती हवी आहे, आणि तिला संध्याकाळी काम करायचं आहे.

पुढे काय झालं

एकांकिकेचं काही झालं नाही. डिसेंबर १८९६ मध्ये अर्व्हिंगने 'रिचर्ड द थर्ड' परत आणलं. पहिल्या प्रयोगाच्या रात्री नंतर घरी जिन्यात पडून त्याचा गुडघा दुखावला. शॉचं परीक्षण आलं, त्यात त्या रात्री अर्व्हिंग नीट ताब्यात नव्हता अशा अर्थाची वाक्यं होती. वाचणाऱ्यांनी अर्थ काढला, प्यायला होता. शॉ म्हणत राहिला, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण एकदा छापलं की छापलं. १८९७ मध्ये एकांकिका परत आली.

पत्रं चालू राहिली. शॉने टेरीसाठी 'कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन' लिहिलं. त्याच्या प्रयोगाच्या निमित्ताने, १९०० च्या डिसेंबरमध्ये, दोघं शेवटी समोरासमोर बोलले. आठ वर्षांनी! आणि ती भूमिका तिने स्वतः केली १९०६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी अर्व्हिंग गेला, दौऱ्यावर, ब्रॅडफर्डला, रात्रीचा प्रयोग करून आल्यावर.

टेरी १९२८ मध्ये गेली. १९३१ मध्ये तिची आणि शॉची पत्रं पुस्तकरूपात आली आणि एकच गोंधळ उडाला. मुलगी छापण्याच्या बाजूने. मुलगा, तोच गॉर्डन क्रेग, आता जगप्रसिद्ध नेपथ्यकार, भयंकर भडकला. त्याला अर्व्हिंग गुरुस्थानी होता. त्याने त्याच वर्षी आईवर स्वतःचं पुस्तक काढलं आणि शॉवर तुटून पडला.

शॉ काही बदलला नाही. १९३७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, लंडनमध्ये 'सिंबेलीन'चा प्रयोग झाला, त्याचा शेवटचा अंक शॉने नव्याने लिहिलेला होता. ४१ वर्षांनीही कमेंट्स संपल्या नव्हत्या!

मग खरं काय?

आता मूळ मुद्द्यावर येते.

१८९६ चा तो प्रयोग आज कुठे आहे? नाहीये. गॅसच्या उजेडातली ती खोली, पेटीचं झाकण उचलून हळूच बाहेर येणारा अर्व्हिंग, प्रेताशेजारी जागी होणारी टेरी, काहीच नाही. टेरीने १९११ मध्ये शेक्सपिअरचे काही उतारे रेकॉर्ड केले, ते तुम्ही आज फोनवर ऐकू शकता, पण त्यात इमोजेन नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला, कोड गेला, बॅकअप नाही. उरल्या त्या फक्त रिव्ह्यू कमेंट्स.

आणि कमेंट्स कुणाच्या? ज्याला लिहायला आवडायचं त्याच्या. शॉच्या हातात जादू होती, आणि मुख्य म्हणजे त्याचं लिखाण टिकलं. अर्व्हिंगच्या नावाची बरीचशी पत्रं त्याच्या ऑफिसातली माणसं लिहायची. तो जे सांगायचं ते रात्री आठला रंगमंचावर सांगायचा, आणि ते अकराला संपायचं. म्हणून आज आपण पत्रं वाचतो तेव्हा अर्व्हिंग आपोआप खलनायक होतो. संहिता कापणारा, जुनाट, अहंकारी. मलाही पहिल्या वाचनात तो तसाच वाटला. आणि मग मला ते 'इट्स ओके' आठवलं.

शॉ खोटं लिहीत होता का? अजिबात नाही. कापाकापी झाली होती. क्रेग कदाचित खरंच फसला असेल. प्रत्येक तपशील याकिमोच्या नोंदींसारखा बरोबर असेल. पण जो माणूस थिएटरमधून निघून परीक्षण लिहायला घरी गेला, त्याला थिएटर भरलेलं ठेवायचं नव्हतं, एवढ्या लोकांचे पगार काढायचे नव्हते. त्याच्या पत्रात ते येणारच नाही. तो खोटारडा आहे म्हणून नाही. त्याला दिसतच नव्हतं म्हणून.

आणि बडोद्याच्या 'तारा'चंही तेच. बघणाऱ्याचा लेख राहिला, करणाऱ्यांचा घाम वाळून गेला.

म्हणून लिहिलेलं वाचायचंच नाही का? उलट! लॉग नसते तर त्या रात्री मी सर्व्हिस चालूच करू शकले नसते. ही पत्रं नसती तर टेरी आपल्याला फक्त सुंदर पोर्ट्रेटमधली बाई म्हणून राहिली असती. ती घाबरते, चिडवते, दारातून पळते, आणि तरी आपली इमोजेन आपणच ठरवते, हे पत्रांमुळेच कळतं. फक्त वाचताना एक प्रश्न बाजूला लिहून ठेवायचा. इथे कोण बोलत नाहीये?

पॉस्थ्युमसने एवढं जरी विचारलं असतं ना! समोर कडं आहे, तीळ आहे, वर्णन आहे. इमोजेनला मात्र कुणीच काही विचारलेलं नाही. एक प्रश्न, आणि अख्खं नाटक वाचलं असतं. बरं, मग नाटक झालंच नसतं, ते सोडा.

मी आता एक नियम पाळते. लॉगमध्ये कुणाचं नाव दिसलं, तर ग्रुपवर काही टाकायच्या आधी त्या माणसाला फोन करते. रात्रीचे साडेअकरा असले तरी. तो झोपला असला तर उत्तमच. तेवढ्यानेच निम्मं उत्तर मिळतं.

तुमच्याकडे आहे का असा एखादा स्क्रीनशॉट, ज्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं आणि तरीही तुम्ही चुकीचं समजलात? सांगायची हिंमत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव वाचणार नाही, शब्द आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर कानात हेडफोन असला तरी रस्ता बघून ओलांडा. काळजी घ्या!